वीस पॉइंट सहा

३ मार्च, रविवार

गाडी घरी आली. कॉम्पॅक्ट एसयूव्ही, राखाडी. कंपनी म्हणते लिटरला २०.६ देणार. कंपनीवर माझा विश्वास आहे, पण स्वतः मोजल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलंय. म्हणून ही वही.

गाडी बाबांसाठी घेतली. जानेवारीत त्यांच्या मेंदूत गुठळी झाली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. जुन्या गाडीत त्यांना वाकवून बसवणं जमेना. हिची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. शोरूममध्ये टेप लावून खात्री केली. सेल्समन हसला. हसू दे.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. डेपोत सगळ्यात कमी डिझेल त्यांना लागायचं, त्याचं सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे. लहानपणी मला शाळेला उशीर झाला की टेबलावर चमच्याने दोन टोले द्यायचे. कंडक्टरची घंटा: एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. अशा माणसाला नुसतं गाडी छान आहे म्हणून भागत नाही. आकडा लागतो. वीसच्या वरचा आकडा हातात आला की त्यांच्याजवळ बसून सविस्तर सांगणार. तोवर उगाच खोलीत जाऊन काय बोलायचं?

४ मार्च, सोमवार

ऑफिस ९ किलोमीटर, येऊन-जाऊन १८. संध्याकाळी ६.३५ ला बिल्डिंगखाली गाडी लावली. नवं इंजिन एकदम बंद करू नये, जरा स्थिरावू द्यावं असं वाटलं. कुठे वाचल्याचं आठवत नाही, पण पटण्यासारखं आहे. एसी उत्तम. ७.१५ ला बंद करून वर गेलो.

बाबा जागे आहेत, वाट बघतायत, असं बायको म्हणाली. दारातून बघितलं, डोळे मिटलेले होते. झोपमोड केली नाही.

९ मार्च, शनिवार

पहिली मोजणी. पद्धत शास्त्रीय: टाकी फुल, नॉझल पहिल्यांदा आपोआप थांबलं की बस, मीटर शून्यावर. पुढच्या वेळी तोच पंप, तेच नॉझल.

१०८ किलोमीटर. ११.४ लिटर. म्हणजे लिटरला ९.५.

पुन्हा भागाकार केला. ९.५. पंपावरच्या मिशीवाल्याला विचारलं, नॉझल नीट थांबतं ना. नॉझल माझ्या जन्माआधीपासून नीट थांबतंय, असं तो म्हणाला. मला ते नॉझल एवढं जुनं वाटलं नाही.

बाबांना सांगितलं नाही. पहिला आकडा कधीच धरत नाहीत.

१० मार्च, रविवार

आजपासूनचे नियम. टायरमध्ये हवा बरोबर ३३. ताशी ६० च्या वर जायचं नाही. डिकीत अनावश्यक वजन नको.

डिकी रिकामी केली. छत्री, पुसायची फडकी, बाबांची व्हीलचेअर. व्हीलचेअर एकटीच १७ किलोची निघाली! ती वर गॅलरीत नेऊन ठेवली.

दुपारी बायको म्हणाली, बाबांना आज गाडीतून दोन चकरा मारून आणा, डॉक्टरांनी सांगितलंय, पहिले महिनेच महत्त्वाचे असतात. तिला समजावलं की चाचणी चालू असताना मधेच ६८ किलो वाढले तर सगळा डेटा बिघडतो. ती म्हणाली, माझंही वजन करायचं का? म्हटलं, गरज नाही, तुझं माझ्याकडे नोंदलेलं आहे.

बोलणं बंद. घरात शांतता. वाचन चांगलं झालं.

१३ मार्च, बुधवार

६.३० ते ७.२० गाडीतच बसलो. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचतोय. वर गेल्यावर वाचन होत नाही.

दारातून डोकावलं की बाबा बोलायचा प्रयत्न करतात. आ, आ, असा आवाज येतो. मग माझ्याकडे बघत राहतात. मी मान हलवतो, हो हो म्हणतो. काय म्हणाले ते मला कळलेलं नसतं, आणि मला कळलेलं नाही हे त्यांना कळतं. तेव्हा काय करायचं ते मला माहीत नाही. भीती वाटते.

पान ८६ वर वायपरची माहिती आहे.

१६ मार्च, शनिवार

८.९.

ऑफिसात एक जण आहे, त्याची गाडी म्हणे बावीस देते. त्याला सगळे बावीस म्हणूनच हाक मारतात. बावीस म्हणाला, सगळं पायात असतं. तो टाकी कधी फुल करतच नाही, म्हणजे त्याला बावीस कळलं कुठून? नाकाने कांदे सोलतो झालं.

बायको आता बोलते. फिजिओथेरपिस्टने बाबांना डाव्या हाताने लिहायला लावलंय, असं सांगत होती. तिने वहीत पट्टीने रकाने आखून दिलेत. ते रोज खिडकीशी बसून काहीतरी लिहितात, म्हणाली. बरं झालं. वेळ जातो त्यांचा.

२० मार्च, बुधवार

पायमोजे घालून गाडी चालवली. बुटात अ‍ॅक्सिलरेटरचा अंदाज येत नाही. ताशी ३५. एक सायकलवाला पुढे गेला आणि वळून बघत राहिला. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नको केला. त्यांना मायलेजचं काय!

६.३२ ते ७.१८ खाली. पुस्तक दुसऱ्यांदा.

२३ मार्च, शनिवार

९.१! सुधारणा ०.२. पायमोजे लागू पडले.

हिशेब मांडला. २०.६ ला अजून ११.५ कमी. आठवड्याला ०.२ या वेगाने साडेसत्तावन्न आठवडे. मग बाबांना सांगता येईल.

साडेसत्तावन्न आठवडे. लिहून खोडलं. परत लिहिलं. काही वाटलं नाही. मग जेवलो.

३० मार्च, शनिवार

ऑफिसातून लवकर निघून सर्व्हिस सेंटरला गेलो. गाडी सदोष आहे असा दोन पानी अर्ज नेला होता. तिथल्या मेकॅनिकने अर्ज बाजूला ठेवला आणि गाडीला मशीन जोडलं. इंजिन एकूण ४१ तास चालू. गाडी चालत होती १९ तास. जागेवर उभी, इंजिन चालू, एसी चालू: २२ तास.

गाडी ठणठणीत आहे, म्हणाला. मग हळूच विचारलं, रोज कुणाची वाट बघत थांबता का?

त्याला सांगितलं, तुमचं मशीन तपासून घ्या. तो बरं म्हणाला.

परत आल्यावर ६.४० ते ७.२५ खाली बसून विचार केला की २२ तास आले कुठून. सिग्नल असणार. शेवटी बावीसचा आकडा मलाही मिळाला, हे बावीसला सांगायला हवं.

३१ मार्च, रविवार

सकाळी बायकोने बाबांची वही माझ्यापुढे ठेवली.

मला वाटलं होतं अक्षरं गिरवतात. चार रकाने. तारीख, आगमन, इंजिन बंद, शेरा. डेपोत ड्रायव्हर भरतात तसा तक्ता. बाबांची खिडकी बरोबर पार्किंगच्या वर आहे. हे मला माहीत होतं. माहीत असून लक्षात नव्हतं.

४ मार्च. आगमन ६.३५. इंजिन बंद ७.१५. शेरा: आवाज चांगला.

५ मार्च. ६.३१. ७.२०. शेरा: मुलगा खोलीत आला नाही.

६ मार्च. शेरा: वरीलप्रमाणे.

अक्षर वाकडं, ओळ सोडून खाली घसरलेलं. वेळा मात्र माझ्या वहीशी मिनिटाला जुळतात. रविवार सोडून एक दिवस चुकलेला नाही. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, असं कालच्या ओळीपर्यंत. एवढा मोठा शब्द डाव्या हाताने लिहायला त्यांना किती वेळ लागतो, असं बायकोला विचारलं. दहा मिनिटं, म्हणाली.

मोजले. बावीस.

आज खोलीत जाणार होतो. दुपारी टायरची हवा बघायला गेलो.

१ एप्रिल, सोमवार

६.३३ ला आलो. इंजिन ताबडतोब बंद केलं.

उतरलो नाही. एसी नसताना गाडी फार तापते, हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही. शर्ट पाठीला चिकटला. स्टिअरिंग धरून बसून राहिलो. पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं.

वरून आवाज आला. खिडकीच्या गजावर चमचा. दोन टोले.

गेलो. बाबांच्या खोलीत स्टूल आहे, त्यावर बसलो. ते बघत राहिले. आ म्हणाले. या वेळी हो हो केलं नाही, कळलं नाही असं सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे राहू दे. मग मी म्हटलं, कंपनी वीस पॉइंट सहा म्हणते. त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं आणि वाट बघत राहिले. मग खरं सांगितलं. नऊ.

त्यांनी पेन्सिल घेतली. मी घड्याळ लावलं नाही, पण बराच वेळ लागला. लिहिलं: माझी बस साडेपाच. माणसं साठ.

आणि हसले. अर्धंच तोंड हसतं. मला रडू आलं, ते त्यांनी बघितलं आणि सर्टिफिकेटकडे बघितल्यासारखं केलं.

जेवणाआधी व्हीलचेअर डिकीत परत ठेवली. १७ किलो. उद्या ऑफिसातून आलो की दोन चकरा, ६८ किलो धरून.

झोपण्याआधी त्यांची वही उघडून बघितली. आगमन ६.३३. इंजिन बंद ६.३३. शेरा: बारा मिनिटं उशीर.

उद्या ती दहावर आणायची.