पन्नास किलो आठशे ग्रॅम

१४ जुलै २०२४, रविवार
आज आले : वजनाचा काटा, वर उभं राहायचा, स्प्रिंगचा, रु. ९५०. उड्यांची दोरी रु. १८०. हातांना गुंडाळायच्या पट्ट्या, दोन जोड, रु. २४०. दातांत धरायचं रबर रु. १२०. एकूण रु. १४९०. एवढ्यात महिन्याचं तेल आणि तूरडाळ आली असती. पण मी मुलाच्या बॉक्सिंगमध्ये कधी आडवी आले नाही, येणारही नाही.
विहंग म्हणाला (शाळा हिंदी, म्हणून घरातही हिंदीच), आई, इक्यावन किलो के ऊपर नहीं जाना है. वीस वर्षांचा पोट्टा आणि एक्कावन्न किलो! सिमेंटच्या गोणीहून एक किलो जास्त. तिला निदान कोणी ठोसे तरी मारत नाही.
संकल्प : वजनाची जबाबदारी आजपासून माझी. आमच्या आख्ख्या ब्राह्मणपाऱ्यात मला दहा ग्रॅमला फसवणारा वाणी अजून जन्माला यायचा आहे.

१७ जुलै, आषाढी एकादशी
युक्ती सुचली. वजन उतरवायला उपासासारखा उपाय नाही, वर पुण्य. विहंगला आजपासून सगळे उपास. साबुदाण्याची खिचडी (कूट सढळ), वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचे लाडू दोन. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही.
त्यानं विचारलं, ये फास्ट है? म्हटलं, हो, अगदी कडक.

१८ जुलै
५१.९००. काल ५१.३०० होतं. काटा नवा आहे, बसायला वेळ लागेल.

१२ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
५२.६००.
हे म्हणाले, अगं, काहून छळून राहिली पोट्ट्याले? एकादशी, दुप्पट खाशी. हे रेल्वेच्या ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आले, म्हणून घरातही तपासतात. चातुर्मासात ज्यांच्यानं कांदा सुटत नाही त्यांना काय उत्तर द्यायचं?
विहंगचे कोच, साहू सर, फाटकापाशी येऊन गेले. हात जोडून म्हणाले, माताजी, मैं भगवान को मानता हूँ, पर साबूदाने को नहीं. माणूस चांगला आहे. श्रद्धा कमी.

२२ सप्टेंबर, रविवार
राज्य स्पर्धेत ब्राँझ!! वजनाच्या दिवशी सर त्याला दोन तास पळवत होते म्हणे. उतरलं उपासानंच. महामाया देवीला नारळ चढवला.
पुढचं सगळं ठरवून टाकलं आहे. स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागेल. यांच्याच ऑफिसात. मग मारामारी बंद. बापलेकांना एकच डबा देता येईल, मोठा.

३ डिसेंबर, मंगळवार
रेल्वेच्या भरतीची यादी लागली. नाव नाही. विहंगनं पाहिलं आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.
संध्याकाळी म्हणाला, प्रो हो रहा हूँ. प्रो म्हणजे पैसे घेऊन लढायचं. बनियन काढतात, ग्लोव्हज पातळ होतात, आणि वजन पन्नास किलो आठशे ग्रॅम. बढती मिळाली की माणसाचं वजन वाढतं हे मी यांच्या ऑफिसात पाहिलं आहे. इथे उलट दोनशे ग्रॅम कापतात.
मी लाटत राहिले. फक्त चपाती जळाली.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार
पहिली लढत एक मार्चला, हैदराबादला. पोरगा काही खात नाही. घरी काकडी, बाहेर अंडी (मला माहीत नाही असं समजतो). गालफडं बसली. सकाळी आंघोळ करून उघडा आला तर पाठीचे मणके मोजता आले. मामंजी गेले त्या महिन्यात त्यांची पाठ मी पुसत असे. हीच पाठ.
देवघरात गेले. वात चांगली होती तरी पुढे सारली.

१९ फेब्रुवारी, बुधवार
काट्याच्या पोटाखाली एक चक्री असते. फिरवली की तबकडीवरचा काटा मागे सरकतो. पुसताना जराशी फिरली. किलोभर.
विहंग उभा राहिला : ५०.५००. दोनदा पाहिलं. कितीतरी दिवसांनी हसला, आणि दोन चपात्या तूप लावून खाल्ल्या. क्लबचा काटा नेमका दुरुस्तीला गेलेला. देवीच्या मनात असल्याशिवाय असं होत नाही.
मी खोटं बोलले नाही. तबकडीवर होतं तेच वाचलं. काट्यावर आता रुमाल घालून ठेवते, धुळीसाठी. तो वर चढताना मीच ओढून घेते.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
दुपारच्या गाडीनं गेला. निघताना ५०.७००. खुशीत होता. पाया पडताना म्हणाला, आई, तेरा उपास काम कर गया. डब्यात राजगिऱ्याचे लाडू दिले, बारा. म्हटलं, मनात काही ठेवू नको, खा.

१ मार्च, शनिवार
सरांचा यांना फोन. काल तिथल्या काट्यावर ५१.८०० भरला. दोन तासांची मुदत दिली. प्लॅस्टिकचं जाकीट घालून पळवलं, बंद गाडीत हीटर लावून बसवलं, पाण्याचा थेंब नाही. उतरवलं एकदाचं.
हैदराबादचे काटे जड असणार. मोठ्या शहरात फसवतातच.

२ मार्च
तिसऱ्या फेरीत पडला. उठला. पुन्हा पडला. दवाखान्यात आहे. डोळे उघडे, पण नाव विचारलं तर बराच वेळ सांगेना. सर म्हणाले, शरीर में पानी ही नहीं था.
हे पहाटेच्या गाडीनं गेले. मला चल म्हणाले. देवाचा दिवा कोण लावणार, म्हणून थांबले. सरला वहिनी म्हणत होत्या, मी लावते ना, खालीच तर राहते मी, तू जा. त्यांना आमची पद्धत माहीत नाही.

११ मार्च, मंगळवार
दुपारी चारला गच्चीवर दोरी. टप् टप् टप्, त्याच्याच चालीनं. मधे तो नेहमी चुकायचा, तिथेच चुकली. वर गेले. दोरी खिळ्याला, हलतही नव्हती. सरला वहिनींना विचारलं. म्हणाल्या, मले तर काहीच नाही आलं ऐकू, इंदू, तू जेवलीस का?
खाली येऊन काट्यावरचा रुमाल काढला. काटा शून्याच्या मागे, किलोभर. कोणी नसलं की शून्य यायला हवं. शून्याहूनही कमी असं कोण उभं आहे तिथे?
रुमाल परत घातला.

२० मार्च, गुरुवार
हे एकटेच आले. विहंग आता बरा आहे. भिलाईत सरांच्या मित्राकडे राहतो. डॉक्टरांनी सहा महिने रिंगमध्ये पाऊल ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. माझा फोन उचलत नाही. रेंज नसेल. (भिलाईत.)
जेवताना हे म्हणाले, पोट्टा विचारून राहिला होता, बाबा, घर का काँटा तो सही है ना? मग गाडीत दोन लाडू खाल्ले त्यानंच झालं म्हणतो, मैंने ही सबको धोखा दिया. रडला.
मी विचारलं, तुम्ही काय सांगितलं?
म्हणाले, सांगितलं, सही है. मग माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढलं.

३० मार्च, गुढीपाडवा
श्रीखंड केलं होतं, तीन वाट्या. एक तशीच राहिली.
पोस्टातून जोडकार्ड आणलं. परतीचं कोरं कार्ड जोडलेलं असतं, म्हणजे उत्तराचा खर्च त्याला नको. पहिल्या कार्डावर हवापाणी, गुढी आणि सरला वहिनींच्या गुडघ्यातच जागा संपली. फाडलं. दुसरं आणलं. नक्कल इथे ठेवते :

चि. विहंगास आशीर्वाद. घरचा काटा खोटा होता. पुसताना फिरला नाही, मी फिरवला. तुला खाताना बघायचं होतं. लाडवांनी काही झालं नाही, तुझं काही चुकलं नाही. बाबांनाही ठाऊक आहे, ते बोलत नाहीत. आज चक्री फिरवून काटा शून्यावर आणला. इतक्यात घरी यावंसं वाटलं नाही तर नको येऊस. पण तिथे जेवतोस का, आणि दुसऱ्या कुणाच्या काट्यावर किती भरतोस, तेवढं उलट टपाली कळव.