बहिऱ्या देवाचे दोनशे

ताई,

मी गरम स्वेटर मागितला होता, तू पुन्हा पुस्तकच पाठवलंस. वर लिहितेस, वाच, हसशील. अगं, हसायचं कुठे तिथे खूण तरी करायची! त्यातला देव बहिरा, म्हणून भक्त ओरडून ओरडून मागणं मागतात आणि पुजारी घशाच्या गोळ्या विकतो. मी सातवीत शाळा सोडलेला. ही थट्टा आहे हे मला अर्धं पुस्तक संपल्यावर कळलं.

तोवर घोळ झाला होता. माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या इस्त्रीवाल्याला वाचता येत नाही, म्हणून मी त्याला वाचून दाखवायचो. तिकडे गावाकडे उद्या त्याच्या लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. गडी आठवडाभर आमच्या लाँड्रीच्या यंत्रांपुढे उभा राहून तिचं नाव घेऊन ओरडतोय, "देवा, आलं का रे ऐकू?"

मी म्हटलं, "अरे बाबा, ती नुसती गोष्ट आहे."

तर म्हणाला, "असू दे. आजवर मी सगळ्या देवांना हळूच सांगत आलो, तिथंच चुकलं."

ती थट्टा आहे असं पटवलं तर तो आजच कोसळेल. गप्प बसलो आणि उद्या काही वाईट झालं, तर त्याला तोंड कसं दाखवू? आज त्याने देवापुढे ठेवायला शंभर दिले. "देऊळ कुठे आहे ते तुझ्या ताईला ठाऊक असेल," म्हणाला. दुपारी यंत्राआड जाऊन मीही एकदा ओरडलो.

हे पत्र टाकायचा धीर होईलसं वाटत नाही. पैसे मात्र येतील. घरखर्चाचे नेहमीचे दोन हजार आणि वर दोनशे. शंभर त्याचे, शंभर माझे.

तुझा,
घसा बसलेला भाऊ