एकाच ओतातले दोघं

चि. दयानंद,

तुला आणि घरच्या सर्वांना पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून अण्णाचे आशीर्वाद. फोनवर तू ‘सरी, सरी, बरं बरं’ म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहितोय.

मी ठीक आहे. मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली, तर पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगलेली सापडली. चार सेंटिमीटर. इतक्यात ऑपरेशन नाही, फक्त दरवर्षी मोजायची. तीस वर्षं पंपाचा बिघाड नुसत्या आवाजावरून सांगितला, पण स्वतःच्या पोटातलं काही ऐकू आलं नाही बघ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच ती भिंत कुरतडतात, आणि हा कच्चेपणा रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. आपले आप्पा पोटात कळ येऊन तासाभरात गेले, हे सांगितल्यावर त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग विचारलं, “भाऊ आहे का? विडी ओढतो?” मी खोटं बोललो नाही.

इथं फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाच्या एका ओतातला एक नग तडकलेला निघाला, की त्याच ओतातले सगळे नग तपासतात. बाहेरून चांगले दिसले तरी सोडत नाहीत. आपण दोघं एकाच ओतातले.

तेव्हा निपाणीला जाऊन सोनोग्राफी कर. यल्लव्वाला बरोबर घे. नवरा एकटा गेला तर चहा पिऊन परत येईल, हे तिलाही ठाऊक आहे. तिचे गुडघे कसे आहेत?

आकडा मात्र तूच फोनवर सांग. आवाजावरून खरंखोटं मला कळतं, आणि तुझा आवाज मला अजून पुष्कळ वर्षं ऐकायचाय.

तुझाच,
पिराजी अण्णा