चष्मा काढलेलं पोस्टर

प्रिय माईआत्या,

तू जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस लिहायला बसलो नाही, आणि आजही रडायला म्हणून बसलेलो नाही. कामाचं बोलायचं आहे. ज्यात तू घाटावरची म्हातारी झालीस, तो तुझा सिनेमा फ्रान्सला चाललाय, आणि तिकडचं पोस्टर करायला इथे झाशीत माझ्याकडे आलंय. ‘तुझा सिनेमा’ म्हटलं की खूश व्हायचीस ना? घे, म्हटलं!

आपल्याकडचं पोस्टर आठवतंय? तेही मीच केलेलं. नायक, नायिका, जीप, आग, सगळं एकावर एक, आणि नायकाच्या कोपराखाली तू, चण्याएवढी. “घरची म्हणून तरी जरा मोठी करायचीस मेल्या!” म्हणून किती दिवस फुगून बसली होतीस. तरी पेपरातलं कात्रण पर्समध्ये ठेवून सदर बाजारातल्या भाजीवाल्याला विचारायचीस, “भैया, पहचानो तो!” तो बिचारा दर वेळी नायिकेवर बोट ठेवायचा.

तिकडे गर्दी चालत नाही. नायक गेला, जीप गेली, आग विझली. राहिलीस ती तू, एकटी, एरच गावच्या घाटावर, पोस्टरभर! मागे नुसती बेतवा नदी. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. हे बघायला तू हवी होतीस गं.

पण अट आली, चष्मा काढा. निर्मात्याच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, “गाँव की अम्मा चश्मे में असली नहीं लगती।” असली! जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, आणखी किती असली हवी यांना? शूटिंगला दिग्दर्शकानेही हाच हट्ट धरला, तेव्हा तू त्याला सुनावलंस, “चश्मा उतार दूँ तो नदी किधर, कैमरा किधर, बेटा?” त्याने चष्मा राहू दिला. मॅडम ऐकेनात. “भैयाजी, आप नहीं करेंगे तो कोई और कर देगा।”

मग म्हटलं, मीच करतो. दुसऱ्या कुणी तुझ्या तोंडाला हात लावलेला मला चालला नसता.

खरी पंचाईत पुढेच होती. काचांवर ऊन चमकलेलं. चष्मा खोडला तर खाली डोळेच नाहीत! घरातले सगळे फोटो धुंडाळले. एकात तरी चष्मा काढून बसायचंस की! मुंजीत चष्मा, सहलीत चष्मा, पेंगतानाही चष्मा. अशा वेळी आमच्या धंद्यात कुणा अनोळखी माणसाचे डोळे आणून बसवतात, कुणाला कळतही नाही. मला ते जमेना.

“याचे डोळे माझ्यावर गेलेत,” असं येईल-जाईल त्याला तू सांगायचीस. खिडकीशी उभा राहिलो, मोबाइलवर स्वतःचाच फोटो काढला, पापण्या जरा उतरवल्या, सुरकुत्या चढवल्या आणि बसवले. असे बसले की मीच दचकलो.

मॅडम खूश आहेत. तेव्हा आत्या, फ्रान्समध्ये तू माझ्या डोळ्यांनी बघणार आहेस. आरामात बघ, घाई नाही.

राहिली तुझी नेहमीची भुणभुण, “दिवसभर स्क्रीनमध्ये डोळे घालून बसतोस, एकदा तपासून घे रे.” सोमवारी जातो, वचन. नंबर निघणारच, तुझ्या सुरकुत्या चढवताना मला धड दिसत नव्हतं. तुझा चष्मा अजून देव्हाऱ्याशेजारीच आहे. काचा बदलून तीच फ्रेम लावेन.

तुझा भाचा,
मुन्नू