सतरा नंबरची काच

५ जानेवारी १९७६
आजपासून मी दवाखान्यातला रंगारी! चाळीस वर्षं चादरींच्या कारखान्यात सूत रंगवलं, आता माणसाच्या पेशी रंगवायच्या. विरुपाक्ष डॉक्टरनं बोलावून घेतलं. आमच्याच गल्लीतलं पोर, माझ्या खांद्यावर बसून गड्ड्याची जत्रा बघितलेलं. म्हणाला, गुरुबसप्पाकाका, छटा ओळखणारे तुमच्यासारखे डोळे सोलापुरात दुसरे नाहीत. मागची खोलीही राहायला दिली. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. इथं ईरम्मा नर्स सकाळी उठल्या उठल्या चहा आणून देते. पोरानं पांग फेडले म्हणायचे.

९ जानेवारी
काम मजेचं आहे. रोग्याच्या तोंडातून लाकडी पट्टीनं खरवडून काचेवर पसरायचं, आम्लात धरायचं, मग रंगात. रंग कसला, नुसतं पाणी दिसतं! पण पेशीच्या गाभ्यात डीएनए नावाचा जिन्नस असतो, त्याला भिडलं की राणी रंग चढतो. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या यंत्राचा काटा तो गडदपणा मोजतो. निरोगी पेशी दहाच्या आसपास. कर्करोगात तो जिन्नस वाढतो, म्हणून काटा चढतो. जास्त रंग प्यायलेलं सूत ओळखावं तसंच की!
निरोगी माप म्हणून विरूनं माझ्याच गालातलं खरवडलं. दर महिन्याला घेणार. काचांवर नावं नाहीत, नुसते नंबर. माझ्या काचेवर ‘माप’. नंबर तोच घालतो, नावांची वही त्याच्याच कपाटात.

९ फेब्रुवारी
‘माप’ दहा. सतरा नंबर मात्र चौदा. गेल्या महिन्यात बारा होता. कोण असेल बिचारा? विरूला विचारलं, त्याला सांगितलंस का रे? सांगितलं, औषध चालू आहे म्हणाला. बरं वाटलं.
माझ्या गालातला जुना पांढरा चट्टा हल्ली शेंगाचटणीनं झोंबतो. विरू म्हणाला, तंबाखूत चुना जास्त होतोय. तेव्हापासून ईरम्मा माझ्यासाठी मऊ भात आणते. मायेची बाई.

८ मार्च
सतरा नंबर एकोणीस. एक गाभा तर पिकल्या जांभळासारखा टम्म. भिंगातून तो माझ्याकडेच बघतोय असं वाटलं. उठून पाणी प्यालो.
चुना सोडला, तरी जबडा नीट उघडेना, तोंडात दोन बोटं मावेनात.

५ एप्रिल
माझ्या रंगातच तर चूक नसेल? कारखान्यात रंगाच्या कुंडात टाकण्याआधी आपल्या सुताच्या लडीला आपली गाठ मारायची. छटा बिघडली तर लड कुणाची ते कळतं. त्याच सवयीनं आज माझ्या काचेच्या कोपऱ्यावर सुईनं तिरकी रेघ ओढली, आणि मग नंबर घालायला विरूकडे दिली.

६ एप्रिल
‘माप’ दहा. कोपरा कोरा.
सतरा — सव्वीस. कोपऱ्यावर रेघ.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघ तिरकीच. माझीच —

७ एप्रिल
विरू जेवायला गेला. कपाट उघडंच. वही.
‘माप — मी स्वतः.’ म्हणजे त्याच्या गालातलं.
‘सतरा — गुरुबसप्पा. गालात चट्टा. उपचार न करता सहा महिन्यांत काटा कुठवर चढतो ते पाहणे. कळू देऊ नये.’
अक्षर त्याचं. मीच पाटीवर हात धरून गिरवून घेतलेलं.
डोळ्यांसाठी नव्हे. गालासाठी बोलावलं मला.
ईरम्माला विचारलं. रडली. काका, मला पयल्यापासनं ठाऊक हाय, पोटासाठी गप बसले, म्हणाली.
म्हणून तो भात.

८ एप्रिल
केसानं गळा कापला. खांद्यावर घेतलेलं पोर —
ट्रंक भरली. दुपारच्या गाडीनं मुंबई. तिथल्या मोठ्या दवाखान्यात — सव्वीसच तर आहे, अजून —
विरू दारात. एका हातात काच, दुसऱ्यात लाकडी पट्टी. काच उजेडात धरून रेघ दाखवतोय. हसून म्हणाला, काका, सहा महिने पुरे व्हायचेत. जरा आ करा की.
त्याच्या मागं ईरम्मानं कडी लावली.
ओरडावं तर जबडा —