क्रीनाच्या नावाचा दगड

मी, पीटरनेला हान्से, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा दगड घडवणे, राहणार झीरिकझे, झीलंड प्रांत, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बोटं वाकडी झाली आहेत, डोकं नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून तरी कोणाचं काय चाललं असतं?

१. माझं दहन करावं. राख जमिनीवर कुठेही टाकावी, पाण्यात मात्र टाकू नये. आमच्या घरातलं एक माणूस पाण्याने नेलं, तेवढं त्याला पुरे.

२. शिल्पकारांचा जीवनगौरव म्हणून मिळालेली रुपेरी छिन्नी शेजारीण तानेके हिला द्यावी. त्या छिन्नीने दगड काय, लोणीही धड कापलं जात नाही. चीज कापून बघावं. तानेकेला वाटणी मिळते, म्हणून तिला साक्षीला घेतलेलं नाही. उगाच रुसू नये.

३. पुरस्काराचा नियम असा, की मानकऱ्याने एक शिल्प घडवावं आणि ते शहराच्या उद्यानात कायमचं राहावं. मी निळसर दगडाची उभी शिळा घडवली आणि तिच्यावर थोरल्या बहिणीचं नाव कोरलं: क्रीना हान्से, १९३९–१९५३. निवड समितीच्या अध्यक्षबाई बघून दचकल्या.

"अहो, हे तर थडगं झालं!"

"थडगंच आहे," मी म्हटलं. "आपल्याकडे मेलेल्या माणसाला जागा भाड्याने आणि शिल्पाला कायमची. मग मी दुसरं काय करू, सांगा!"

आता त्या नाव काढा म्हणतात. करारावर त्यांची सही आधीच झालेली आहे. माझ्यामागे कोणी त्या नावाला हात लावला, तर माझी सगळी शिल्लक वकिलाला द्यावी आणि भांडावं.

४. घर धाकटा भाऊ मारीनुस याला. पण आधी ऐकून घे, मारीनुस. पुराच्या त्या पहाटे तू चार वर्षांचा होतास. क्रीनाने तुला खाली उभं राहून माळ्यावर माझ्याकडे ढकललं. तुला ओढून घेऊन मी पुन्हा हात खाली घातला, तोवर ती नव्हती. सापडली ती उन्हाळ्यात. आई होती तोवर आईने थडग्याच्या भाड्याची मुदत वाढवून घेतली. पुढे ते काम तुझं होतं. मी इटलीत होते. मुदत संपली तेव्हा थडग्यावर पाटी लागली: 'संबंधितांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.' वर्षभर होती ती. दर रविवारी चर्चला जाताना तू तिच्यासमोरून गेलास. मग थडगं उकरलं, आणि त्याच्यावरचा, मी आयुष्यात कोरलेला पहिला दगड रस्त्याच्या भरावात गेला.

"अगं ताई, तिथं उरलं होतं काय? नुसती माती!" असं म्हणालास तू मला.

त्या बोलण्याचा राग अजून जात नाही. तू जगलास याचा आनंदही जात नाही. मेलं दोन्ही सुटत नाही.

तर अट अशी. दर वर्षी पुराच्या दिवशी, एक फेब्रुवारीला, मारीनुसने उद्यानात जाऊन क्रीनाच्या अक्षरांत साचलेलं शेवाळ स्वतः घासून काढावं. ज्या वर्षी तो जाणार नाही, त्या वर्षी वकिलांनी या घराच्या दारावर पाटी लावावी: 'संबंधितांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.' वर्षभर थांबावं. मग घर रिकामं करावं.

वर लिहिलेलं वाचून, पटून सही केली.

पीटरनेला हान्से

आमच्यासमोर सही झाली:
डॉ. लेन्दर्ट फरबेके
यान्ना मोल, बेकरीवाल्या

झीरिकझे, १२ नोव्हेंबर २०१९