बहीण म्हणून केलेल्या सहीबाबत

प्रति,
मा. जिल्हा समन्वयक,
राज्य आरोग्य विमा योजना, बुलढाणा.

विषय : नातेवाईकाच्या रकान्यात खोटे नाते लिहिल्यामुळे थांबलेली शस्त्रक्रिया पुन्हा मंजूर होणेबाबत.

संदर्भ : रुग्णालयाचे पत्र, दि. ११ जून २०२५.

महोदय,

मी उंद्री येथील अंगणवाडीत सत्तावीस वर्षे मदतनीस होते. वय ६६. पती माणिकराव २०११ साली वारले. मूलबाळ नाही. रेशनकार्डावर माझे एकटीचे नाव असल्याने पात्रतेची तपासणी लवकर झाली व हृदयाची झडप बदलण्यास मंजुरी मिळाली.

२) भरती झाल्यावर संमतीपत्रावर नातेवाईकाची सही मागितली. मेहकरच्या दिरांना फोन केला. "वहिनी, सध्या सोयाबीनची पेरणी हाये," म्हणाले. त्यांचा दोष नाही, चौदा वर्षांत आमचे येणेजाणे नव्हते. सिस्टरांनी तीनदा विचारले, "कोणीच नाही का?" तिसऱ्या वेळी मी भिंतीकडे तोंड केले.

३) शेजारच्या खाटेवरील पेशंटची सून सौ. डिंपल वानखडे (रा. जळगाव जामोद) हिने कागद घेतला. "द्या मावशी, मी करतो सही," म्हणाली व नात्यासमोर 'बहीण' लिहिले. ती एकतीस वर्षांची आहे. मी पाहिले व तिला अडवले नाही. बहीण हा शब्द माझ्या नावाजवळ बरा दिसत होता, हे कबूल करते.

४) पडताळणीत ते उघड झाले. खोटी माहिती दिली म्हणून मंजुरी स्थगित करून मला घरी पाठविले. ग्रामपंचायतीत 'नातेवाईक नाही' असा दाखला मागितला, तर असा नमुनाच नाही, असे कळले. डॉक्टरांनी उशीर करू नका असे बजावले आहे. हल्ली विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावे लागते.

५) चूक माझी आहे. सौ. डिंपल हिच्यावर कारवाई करू नये. ती दर रविवारी फोन करून "मावशी, जेवल्या काय?" एवढे विचारते. दुसरे कोणी विचारत नाही. नात्याच्या रकान्यात 'ओळखीची' असे लिहिण्यास परवानगी द्यावी, एवढेच मागणे आहे. ती पुन्हा सही करायला तयार आहे.

तारीख मिळाल्यास दोन दिवस आधी कळवावे. तिला दोन बस बदलून यावे लागते, आणि ती येईपर्यंत मला आत नेऊ नये.

आपली अर्जदार,
महामाया माणिकराव इंगळे
उंद्री, ता. चिखली
दि. ७ जुलै २०२५

सोबत : रेशनकार्डाची प्रत, रुग्णालयाचे पत्र, सौ. डिंपल हिचा मोबाइल नंबर.